डॉक्टरांचाही सहकार

धारा काढून झाल्या असतील, चहाचं आधण चुलीवर असेल, तर दोन घटका इकडं कान द्या. आज आम्ही जरा जुन्या काळात जाणार आहोत. पण सुरुवात आपल्या गटातल्या एका पिशवीपासून करतो.

मागं एकदा हप्त्याच्या बैठकीला आमच्यातल्या एक काकी उशिरा आल्या. हातात कापडी पिशवी. पासबुक काढायला म्हणून पिशवी उलटी केली, तर त्यातून कागदच कागद पडले. चिठ्ठ्या, औषधांची बिलं, एक्स-रेचं मोठं पाकीट, सोनोग्राफीचा कागद. काकींच्या छातीत गाठ होती. पहिल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि "साधी गाठ आहे, जाईल" म्हणून सांगितलं. दोन महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी गाठ काढून टाकली. गाठीचा तुकडा तपासायला पाठवला होता म्हणे, पण त्याचा अहवाल काही पिशवीत सापडला नाही. तिसऱ्या डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. "गाठ काढायच्या आधी यायला पाहिजे होतं," म्हणाले. या सगळ्यात चार महिने गेले. काकी म्हणाल्या, "तिघंही शिकलेली माणसं. तिघांनीही वाईट चिंतलं नाही. पण तिघं एकमेकांशी एकदा तरी बोलली असती, तर मला ही पिशवी घेऊन वणवण करावी लागली नसती."

काकींचं हे वाक्य आमच्या मनात घर करून राहिलं. डॉक्टर एकमेकांशी कधीपासून बोलायला लागले? कॅन्सरच्या बाबतीत ते एकत्र कसे आले? आणि त्यांच्या एकत्र येण्यात आपल्यासारख्या खेड्यातल्या बायकांचा काही वाटा होता का? शोधायला बसलो तेव्हा कळलं की वाटा होता, आणि तो लहान नव्हता. आजचं बोलणं त्याच गोष्टीचं.

एकत्र येणं म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना नव्यानं सांगायला नको. एका म्हशीचं दोन लिटर दूध घेऊन कुणी मुंबईला जात नाही. गावच्या संस्थेत दूध घालायचं, तिथं फॅट लागायची, तिथून ते संघाकडं जायचं, आणि मग मुंबईच्या घरात पिशवी पोचायची. कुणा एकाचा हा पराक्रम नाही. साखळीतली एक कडी नासली, तर सगळ्यांचं दूध नासतं. कॅन्सरचा उपचारही तसाच असतो. गाठ काढणारा डॉक्टर वेगळा. तुकडा दुर्बिणीखाली धरून रोग ओळखणारा वेगळा. आपण ज्याला शेक किंवा लाईट म्हणतो तो किरणांचा उपचार देणारा वेगळा. केमोची औषधं ठरवणारा वेगळा. शिवाय सुई लावणारी सिस्टर, वेदना कमी करणारे, जेवणाचं सांगणारे. यातला एकटा कितीही हुशार असला, तरी एकट्याच्या हातचं हे काम नाही.

पूर्वी मात्र सगळं एकाच डॉक्टरवर असायचं. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो, ते छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय पूर्वी अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणून ओळखलं जायचं. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात तिथं डॉ. कृष्णाबाई केळवकर काम करायच्या. महाराजांनी त्यांना वरच्या शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं होतं. बाईचं दुखणं बाई डॉक्टरपुढं मोकळेपणानं सांगता यावं, याची किंमत त्या काळात या संस्थानानं ओळखली होती. तिकडं मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली दवाखाना उभा केला. या पट्ट्यातले रोगी गाड्या जुंपून तिथं जायचे. या माणसांनी लाखो जीव वाचवले. पण त्या काळातली वैद्यकी ही एकेकट्या हातांची वैद्यकी होती. पोटातली गाठ असो की डोळ्यातला मोतीबिंदू, एकच डॉक्टर, एकच टेबल. कॅन्सर बहुतेक वेळा ओळखू यायचा तोच फार उशिरा, आणि मग "आता घरी न्या" एवढंच सांगायचं उरायचं.

हे बदलायला एका घरातलं दुःख कारण झालं. टाटा घराण्यातल्या लेडी मेहेरबाई टाटा यांना रक्ताचा कॅन्सर झाला. पैशाला तोटा नव्हता. त्यांना उपचारासाठी विलायतेत नेलं, आणि १९३१ साली तिकडंच त्या वारल्या. त्यांचे पती दोराबजी टाटा यांच्या मनानं घेतलं की असे उपचार आपल्या देशात मिळायला हवेत. पुढच्याच वर्षी तेही गेले. पण त्यांच्या नावाच्या ट्रस्टनं तो विचार सोडला नाही. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तेव्हा खाटा होत्या ८०.

खाटांच्या संख्येपेक्षा मोठी गोष्ट होती ती तिथल्या कामाच्या पद्धतीची. शस्त्रक्रिया, किरणांचा उपचार आणि तुकडा तपासणारी प्रयोगशाळा, तिन्ही एका छपराखाली आणली गेली. प्रयोगशाळेत होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. मूळचे गोमंतकीय डॉ. अर्नेस्ट बोर्जेस शस्त्रक्रिया करायचे. आज हॉस्पिटलसमोरच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. खानोलकरांची नजर मोठी विलक्षण होती. ते नुसता तुकडा बघत नव्हते, तो तुकडा ज्या माणसाचा आहे त्याचं जगणं बघायचे. धोतर वर्षानुवर्षं कंबरेला घट्ट बांधल्यानं त्याच जागी कातडीचा कॅन्सर होतो, तंबाखू-चुना ओठाआड धरला की त्याच जागी तोंडाचा कॅन्सर होतो, हे त्यांनी १९४५ साली जगापुढं मांडलं. आज आपण मिश्री लावू नका, तंबाखू खाऊ नका म्हणून सांगतो, त्याचं मूळ अशा अभ्यासात आहे. १९५२ साली त्यांच्याच पुढाकारानं कॅन्सर संशोधनाचं वेगळं केंद्र उभं राहिलं. १९५७ साली केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानं हॉस्पिटल ताब्यात घेतलं, १९६२ साली ते अणुऊर्जा विभागाकडं गेलं आणि १९६६ साली हॉस्पिटल आणि संशोधन केंद्र एकत्र आले.

पण मैत्रिणींनो, परळ आपल्यापासून किती लांब! गेली कित्येक वर्षं कोल्हापूरच्या महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये अशी माणसं बसलेली असतात, ज्यांच्या मांडीवर फाईल असते आणि सोबत भाकरीचं गाठोडं. मुंबईत राहायचं कुठं, हा पहिला प्रश्न. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेनं अशा किती रोग्यांना आसरा दिला, त्याची गणती नाही. गाडगेबाबांनी खराट्यानं गावं झाडली, आणि त्यांच्या नावाच्या धर्मशाळेनं कॅन्सरच्या रोग्यांना डोक्यावर छप्पर दिलं. तरीही एक गोष्ट धर्मशाळा करू शकत नव्हती आणि परळचे डॉक्टरही करू शकत नव्हते. माणूस उशिरा आला, तर गेलेला वेळ परत आणणं कुणाच्याच हातात नव्हतं. बायकांचं तर विचारूच नका. अंगावरून पांढरं जातंय, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं, हे सांगायचं कुणाला? सासूला सांगायची लाज, नवऱ्याला सांगायची भीती. सुगी होऊ दे, पोरीचं लग्न होऊ दे, असं करत करत दोन वर्षं निघून जायची.

म्हणजे डॉक्टरांनी एका इमारतीत एकत्र येणं पुरेसं नव्हतं. त्यांना गावापर्यंत यायला हवं होतं. आणि गावाकडं यायचं, तर आधी गावात काय आहे ते मोजायला हवं होतं.

कॅन्सरच्या मोजणीची गोष्ट आपल्या ओळखीच्या सालापासून सुरू होते. १९६३ साली आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचा दूध संघ उभा राहिला. त्याच साली मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीनं कॅन्सरच्या रोग्यांची नोंदवही सुरू केली. शहरात किती जणांना, कुठला, कोणत्या वयात कॅन्सर होतो, याची ही वही. दूध संस्थेच्या रजिस्टरसारखीच समजा. ज्याची नोंद नाही, त्याचा हिशेब नाही. पण ती वही शहराची होती. खेड्यातली बाई कशानं गेली, हे लिहून ठेवणारं कुणी नव्हतं. "पोटात काहीतरी झालं आणि गेली," एवढीच तिची नोंद.

खेड्याची वही सुरू व्हायला १९८७ साल उजाडलं, आणि ती सुरू झाली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत. बार्शीला भगवंताचं देऊळ आहे, तिथल्या ज्वारीची बाजारपेठ मोठी. तिथं डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅन्सरचं रुग्णालय उभं केलं होतं. नट्या पुष्कळ होऊन गेल्या, पण नर्गिस आपल्या आयांच्या पिढीला "मदर इंडिया" म्हणून ठाऊक आहे. त्या १९८१ साली कॅन्सरनं वारल्या. बार्शीच्या रुग्णालयाला त्यांचंच नाव आहे, नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचे डॉक्टर आणि बार्शीचे डॉक्टर एकत्र बसले आणि बार्शी, परांडा, भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांची कॅन्सर नोंदणी सुरू झाली. देशातली खेड्यांची ही पहिली नोंदवही.

शहरात नोंदणी सोपी असते. हॉस्पिटलात जायचं, रजिस्टर उघडायचं, नावं उतरवून घ्यायची. खेड्यात माणूस हॉस्पिटलात गेलेलाच नसतो, तर रजिस्टरात येणार कुठून? म्हणून बार्शीच्या लोकांनी वही काखेत मारली आणि गावं गाठली. गावागावात कार्यकर्ते जायचे, माणसं जमवायचे, कॅन्सरची लक्षणं समजावून सांगायचे. कुणाला संशयास्पद काही असलं, तर दवाखान्यात यायला समजावायचे. नोंद करायला गेलेली माणसं अशी हळूहळू गावची ओळखीची झाली. यातून एक मोठी गोष्ट घडली. काही वर्षांतच दिसून आलं की गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झालेल्या बायका आता पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्यात. नवीन यंत्र आलं नव्हतं. नवीन औषध आलं नव्हतं. कुणीतरी येऊन नीट बोललं होतं, एवढंच. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९९५ साली जगातल्या डॉक्टरांपुढं लेख लिहून मांडलं. त्या पट्ट्यातल्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर सगळ्यांत जास्त आढळत होता, हेही याच वहीनं दाखवलं.

आता पुढचा प्रश्न उभा राहिला. लक्षण दिसल्यावर बाई लवकर येते हे चांगलंच. पण लक्षण दिसायच्या आधीच रोग धरता येईल का? गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर एका विषाणूमुळं होतो. नाव एचपीव्ही. तो शरीरसंबंधातून येतो, फार जणांना येतो आणि बहुतेकींच्या अंगातून आपोआप निघूनही जातो. त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही, हे आधी मनात पक्कं करा. ज्यांच्या अंगात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यात दहा-पंधरा वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. म्हणजे मधे पकडायला भरपूर वेळ असतो.

तो वेळ कसा साधायचा, हे तपासायला टाटा हॉस्पिटल, बार्शीचं रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑन शहरातली जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था अशा तिघांनी मिळून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून एक अभ्यास सुरू केला. गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. काही गावांत एचपीव्हीची तपासणी, काहींत पेशी काचेवर घेऊन तपासण्याची जुनी पद्धत, काहींत पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखं पाणी लावून नजरेनं बघण्याची पद्धत, आणि काही गावांत नुसती माहिती.

त्या कामाची साखळी बघा. गावातली खोली झाडून ठेवणारी, बायकांना घरातून बोलावून आणणारी कार्यकर्ती. नमुना घेणारी सिस्टर. नमुना तपासणारी बार्शीची प्रयोगशाळा. संशय आला तर दुर्बिणीतून बघणारा डॉक्टर. तुकडा तपासणारा डॉक्टर. रोग निघाला तर उपचार. आणि सगळा हिशेब लिहून ठेवणारी माणसं, परळला आणि लिऑनला. यातल्या एकीनं जरी "येत नाही" म्हटलं असतं, तरी पुढचं सगळं थांबलं असतं. आणि सगळ्यांत पहिली कडी होती ती बाई, जिनं शेतातलं खुरपणं अर्धं टाकून, लाज बाजूला ठेवून तपासणीला यायचं कबूल केलं.

आठ वर्षांनी हिशेब लागला. एचपीव्ही तपासणीच्या गावांत ३४,१२६ बायका होत्या. त्यांतल्या ३४ जणी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरनं गेल्या. नुसती माहिती दिलेल्या गावांत ३१,४८८ बायका होत्या. त्यांतल्या ६४ जणी गेल्या. फक्त एकदा केलेल्या तपासणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. बाकीच्या दोन पद्धतींनी एकाच तपासणीत असा ठळक फरक दिसला नाही. हा निकाल २००९ साली छापून आला आणि जगभर गाजला. आज जागतिक आरोग्य संघटना गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी एचपीव्ही तपासणी आधी करा म्हणून सांगते. त्या सल्ल्याच्या पायाशी जे पुरावे आहेत, त्यांत आपल्या मराठवाड्यातल्या बायकांचा पुरावा मोठा आहे.

पण इथं आम्ही थोडं थांबतो, कारण गोष्टीची दुसरी बाजू लपवणं बरं नव्हे. त्या ६४ जणींचं काय? पुढं काही डॉक्टरांनी आणि वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी हाच प्रश्न विचारला. तपासणीनं जीव वाचतो हे जगात ठाऊक असताना एका गटाला नुसती माहिती देऊन सोडणं बरोबर होतं का? अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं असं, की त्या भागात तेव्हा कुठलीच तपासणी मिळत नव्हती, त्या गटाला तेव्हा गावात जे मिळत होतं तेच मिळालं. दोन्ही बाजू ऐकून आम्ही आमच्यात बराच वेळ बोललो. आमच्यातल्या एकीनं म्हटलं, "डॉक्टर एकत्र बसतात तेव्हा त्या बैठकीत आमच्यातलीही एक असायला पाहिजे." दूध संघाच्या सभेत सभासदाला प्रश्न विचारता येतो. डॉक्टरांच्या सहकारात रोग्याला सभासद मानलं नाही, तर तो सहकार अर्धाच राहतो. हे आम्हाला पटलं, म्हणून सांगितलं.

अशाच काळात, १९९८ पासून, मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटाच्या डॉक्टरांनी आणखी एक काम चालवलं होतं. तिथं तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, सिस्टरही नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना त्यांनी प्रशिक्षण दिलं. या बायकांनी सुमारे दीड लाख बायकांच्या अभ्यासात, निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी तेच व्हिनेगरसारखं पाणी लावून तपासणी केली. त्या वस्त्यांत गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. मराठवाड्यात एकदाच केलेल्या या तपासणीनं फरक दिसला नव्हता, मुंबईत पुन्हा पुन्हा केली तेव्हा दिसला. तिथंही काही वस्त्या तपासणीविना होत्या, आणि तोच प्रश्न तिथंही विचारला गेला. पण एक गोष्ट सिद्ध झाली. नीट शिकवलं, मागं डॉक्टरांचा आधार ठेवला, तर दहावी शिकलेली आपल्यातलीच बाई दुसऱ्या बाईचा जीव वाचवू शकते.

हे सगळं झालं तरी देशभरातले कॅन्सरचे दवाखाने आपापल्या जागी एकेकटेच होते. एकाच रोगाला एका गावात एक उपचार, शंभर किलोमीटरवर दुसरा. मग २०१२ साली अणुऊर्जा विभागाच्या पाठिंब्यानं, टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झाली. ग्रिड म्हणजे जाळं. विजेच्या तारांचं असतं तसं. एका ठिकाणी वीज कमी पडली, तर दुसरीकडून घेता येते. आज या जाळ्यात देशातली तीनशेहून अधिक रुग्णालयं आणि संस्था आहेत. सरकारी आहेत, धर्मादाय आहेत, खासगीही आहेत.

हे जाळं करतं काय? पहिलं, कुठल्या कॅन्सरला कोणत्या टप्प्यावर कोणता उपचार, याचे सगळ्यांनी मिळून ठरवलेले नियम. म्हणजे बाई परळला गेली काय किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी गेली काय, उपचाराची दिशा तीच. दुसरं, ट्यूमर बोर्ड. नाव अवघड आहे, काम सोपं आहे. शस्त्रक्रियेचे, किरणांचे, केमोचे, तुकडा तपासणारे असे सगळे डॉक्टर एका टेबलाभोवती बसतात, एका रोग्याची फाईल मधे ठेवतात आणि आधी काय, मग काय, ते मिळून ठरवतात. लांबचे डॉक्टर संगणकाच्या पडद्यावरून बसतात. गुंतागुंतीची केस असेल, तर लहान गावातला डॉक्टरही मोठ्या डॉक्टरांना तिथंच विचारू शकतो. तिसरं काम तर आपल्या बचतगटासारखंच. आपण गट करून एकदम बी-बियाणं घेतो तेव्हा दुकानदार दर उतरवतो ना? जाळ्यातल्या २३ रुग्णालयांनी मिळून ४० औषधांची एकत्र खरेदी केली, तर दर निम्म्याहूनही खाली आले. औषधं तीच, कंपन्याही त्याच. मागणारे हात फक्त एकत्र झाले.

आता परत आपल्या मातीत येऊ. पूर्वी कॅन्सर म्हटलं की मुंबई, नाहीतर मिरज. आज कोल्हापुरात आणि आजूबाजूला कॅन्सरवर उपचार मिळतात. गोकुळ शिरगावला कॅन्सरचं रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि किरणांचे उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात दाराशीच आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला विचारायला लाजू नका. केंद्र सरकारनं २०२५ च्या अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांत दिवसभरात केमो घेऊन घरी जाता येईल अशी केंद्रं काढायचं जाहीर केलंय. आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात तिशी ओलांडलेल्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड यांची तपासणी व्हायची तरतूद सरकारी कार्यक्रमात आहे. आशाताई कागद घेऊन घरी येते तेव्हा "मला काही नाही बाई" म्हणून तिला दारातून परत पाठवू नका. बार्शीच्या गावांत अशाच दारातून गोष्ट सुरू झाली होती.

इतिहास वाचून आम्ही शिकलो ते तीन सवयींत सांगतो, कारण सवयी लक्षात राहतात. एक, फाईल एकच ठेवायची. तारखेनं लावलेली. तुकडा तपासला असेल तर त्याचा अहवाल, त्याची काच आणि मेणाचा ठोकळा मागायचा. प्रयोगशाळेत गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, आणि त्या ठोकळ्यावर पुढंही तपासण्या करता येतात. दोन, कॅन्सरची शस्त्रक्रिया ठरली की नम्रपणे विचारायचं, "डॉक्टर, माझी फाईल बाकीच्या डॉक्टरांनीही बघितली का? आधी हेच करायचं का?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. तीन, एकटीनं जायचं नाही. सोबत गटातली कुणीतरी असावी, जी ऐकेल आणि लिहून घेईल. भीतीनं माणसाच्या कानात काही शिरत नाही.

काकींचं काय झालं, हे विचारणार तुम्ही. तिसऱ्या डॉक्टरांनी स्वतः फोन करून गाठीच्या तुकड्याचा माग काढला. प्रयोगशाळेत मेणाचा ठोकळा होता, जपून ठेवलेला. आमच्यातल्या दोघीजणी एसटीनं जाऊन तो घेऊन आल्या. चिमूटभर मेण, पण हातात धरताना घाम फुटला होता. तो पुन्हा तपासला, काकींची फाईल डॉक्टरांच्या बैठकीपुढं ठेवली गेली आणि मग केमो सुरू झालं. गटानं जाण्यायेण्याचा खर्च अंतर्गत कर्जातून उचलला. डोक्यावरचे केस गेले होते, ते आता बोटभर आलेत. गेलेले चार महिने मात्र परत आले नाहीत, आणि त्या चार महिन्यांनी काय नेलं, हे अजून कुणालाच सांगता येत नाही. उपचार चालू आहेत.

गेल्या बैठकीला काकी वेळेवर आल्या. जुनी कापडी पिशवी घरी ठेवली होती. हातात एक निळी फाईल होती, दोरी बांधलेली. पासबुकाच्या आधी त्यांनी ती फाईल मधे ठेवली आणि म्हणाल्या, "आता तुमच्यातल्या कुणाकुणाची तपासणी झालीय, ते आधी सांगा. मग हप्ता घ्या."

अकरा जणी होत्या. दोघींनी हात वर केला. उरलेल्या नऊ जणींनी पुढच्या बुधवारी आरोग्य केंद्रात एकत्र जायचं ठरवलंय. तुमच्या गटात किती हात वर होतात, ते मोजा आणि आम्हाला कळवा.

येतो मग. नमस्कार.